रस्त्याकडेचा इतिहास वाचायला शिकवणारी कोल्हापूरची एक दिवसाची सहल

कोल्हापूरच्या माणसाला पन्हाळा, जोतिबा, अंबाबाईचे देऊळ आणि रंकाळा पाहण्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. घरी पाहुणे आले की ती सहल तो स्वतःच काढतो. त्यामुळे रस्त्याकडेच्या दुर्लक्षित खुणा दाखवणारी एक दिवसाची फेरी शहरातून निघते आणि तिचे माणशी १,२०० रुपये घेतात, हे कळल्यावर आमच्या घरात आधी बरीच चर्चा झाली. मी आणि माझे पती गेल्या डिसेंबरात त्या फेरीला जाऊन आलो. परत आल्यावर तीन आठवडे थांबून हे लिहीत आहे, कारण त्याच रात्री लिहायला बसले असते तर तिच्यातल्या उणिवा माझ्याकडून नक्की सुटल्या असत्या.

शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक सर आणि गाडी चालवणारा त्यांचा पुतण्या, एवढ्या दोघांची ही सेवा आहे. तिला अजून नाव नाही आणि जाहिरातही नाही. एकाने दुसऱ्याला सांगितले की नोंदणी होते. गाडी बारा जणांची असते. सकाळी साडेसहाला दसरा चौकातून निघायचे, वाटेत मिसळीचा नाश्ता, दुपारचे जेवण एका ओळखीच्या घरी आणि रात्री आठपर्यंत परत, असा दिवसाचा आराखडा आदल्या दिवशीच फोनवर सांगितला जातो. पश्चिमेकडची आणि पूर्वेकडची अशा दोन वेगळ्या फेऱ्या आहेत. आम्ही पूर्वेकडची निवडली. तिच्यात महावीर उद्यान, वळिवडे, माणगाव, कुरुंदवाड आणि खिद्रापूर ही नावे घेण्याजोगी ठिकाणे होती. उरलेली अशी होती की त्यांना फक्त 'वडाच्या अलीकडे' किंवा 'पुलानंतर डावीकडे' एवढाच पत्ता.

ही फेरी मी कोणत्या अपेक्षेने केली ते आधी सांगायला हवे, कारण माझे मत त्या अपेक्षेवर तोललेले आहे. त्याआधीच्या वर्षी आम्ही मुलीकडे कॅलिफोर्नियात तीन महिने राहिलो होतो. जावयांना आडवाटेने गाडी चालवण्याची आवड आहे, त्यामुळे मोठ्या शहरांपेक्षा तिथला ग्रामीण भागच आमच्या पाहण्यात अधिक आला. तिथे रस्त्याच्या कडेला, आजूबाजूला मैलभर घर नसलेल्या जागीही, इतिहास सांगणारा एखादा फलक उभा असतो. व्हर्जिनिया राज्याने महामार्गाच्या कडेला असे फलक लावायला १९२७ मध्ये सुरुवात केली आणि पुढे ती पद्धत देशभर पसरली. १९२८ मध्ये तर लिंकन हायवे या देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर बालवीरांनी (बॉय स्काउट्सनी) एकाच दिवशी सुमारे तीन हजार काँक्रीटचे खांब रोवले होते. त्यांतले काही अजून जागेवर आहेत आणि लोक ते शोधत हिंडतात.

माझ्या मनात राहिले ते मात्र मँझनार. महामार्ग ३९५ वर, लोन पाइन आणि इंडिपेंडन्स या दोन लहान गावांच्या मध्ये, सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पायथ्याशी असलेले हे उजाड माळरान आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने स्वतःच्याच जपानी वंशाच्या नागरिकांना घरेदारे सोडायला लावून ज्या छावण्यांत ठेवले, त्यांतली ही एक. १९४२ ते १९४५ या काळात इथे एका वेळी दहा हजारांहून अधिक माणसे राहत होती. आज तिथे प्रवेशद्वाराजवळच्या दोन दगडी चौक्या आणि स्मशानभूमीतला पांढरा स्तंभ उभा आहे, आणि दोन्ही त्या बंदिवानांनीच बांधलेले आहेत. मँझनार या स्पॅनिश शब्दाचा अर्थ सफरचंदाची बाग. छावणीच्या आधी तिथे खरोखरच बागा होत्या, बागांच्या आधी पायूट या तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती होती आणि मधल्या काळात लॉस एंजेलिस शहराने पाण्यासाठी ते खोरे विकत घेतल्याने बागा सुकून गेल्या होत्या. १९७३ मध्ये तिथे फलक लागला तेव्हा त्यावरच्या 'छळछावणी' या शब्दावरून मोठा वाद झाला आणि पुढे त्या फलकावर घावही घातले गेले. एका माळरानाचे इतके थर एका फलकापाशी उभे राहून समजू शकतात, हे मी तिथे प्रथम अनुभवले. परतताना विमानात मी हाच विचार करत होते की आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांना असे कोण वाचून दाखवील.

सरांनी दिवसाची सुरुवात महावीर उद्यानातून केली, आणि ती निवड किती विचारपूर्वक होती ते मला तासाभराने कळले. या उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मीही अनेक वर्षे तिथे फिरत आले आहे. तिथल्या स्मारकस्तंभाजवळ सरांनी आम्हाला उभे केले आणि तो कुणाचा आहे असे विचारले. बारापैकी दोघांना माहीत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरने आसरा दिलेल्या पोलिश निर्वासितांची ही आठवण आहे, आणि त्यांच्यापैकीच काही जणांनी पुढे परत येऊन १९९८ मध्ये ती उभारली.

तिथून आम्ही वळिवड्याला गेलो. मधल्या वाटेत सरांनी गाडीतच जे सांगितले ते नीट, क्रमाने आणि कुठेही रंग न चढवता सांगितले. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसांना सैबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केले. पुढे युद्धाची समीकरणे बदलली, तेव्हा त्यांतले काही जण इराणमार्गे बाहेर पडू शकले. पुरुष बहुतेक सैन्यात गेले. मागे राहिलेल्या बायका, मुले आणि वृद्ध यांना कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. आजच्या गुजरातेतल्या नवानगर संस्थानाच्या जामसाहेबांनी बालाचडी इथे मुलांसाठी छावणी उघडली आणि कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला १९४३ मध्ये भारतातली सर्वांत मोठी पोलिश वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसांच्या या वसाहतीचा खर्च लंडनमधून चालणारे पोलिश सरकार करत असे. तिच्यात शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते, बालवीरांची पथके होती. १९४८ मध्ये ती रिकामी झाली आणि माणसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी जगभर पांगली.

एवढी माहिती आज कुणालाही मिळू शकते. सरांचे कौशल्य त्यापुढचे आहे. त्यांनी गाडी वळिवडे स्थानकाजवळ थांबवली आणि आम्हाला रुळांकडे तोंड करून उभे केले. मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि त्याच मार्गाने ही माणसे इथे उतरली. बर्फातून निघालेली, इराणच्या वाळवंटातून आलेली, वाटेत आपली माणसे गमावलेली बाई मुलांचा हात धरून इथे उतरली तेव्हा तिला समोर काय दिसले असेल, एवढेच त्यांनी विचारले आणि ते दोन मिनिटे गप्प राहिले. समोर उसाचे शेत होते आणि पलीकडून गांधीनगरच्या बाजाराचा गलबला ऐकू येत होता.

गांधीनगरला कापड घ्यायला न गेलेले कोल्हापूरचे घर विरळा. लग्नाचा बस्ता असो की दिवाळी, घाऊक भावात कापड तिथेच. माझ्या दोन्ही मुलींच्या लग्नाची खरेदी तिथेच झाली. पोलिश माणसे गेल्यावर रिकाम्या झालेल्या त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहायला आली आणि त्यांनी हा बाजार उभा केला, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. एका निर्वासितांनी सोडलेल्या घरात दुसरे निर्वासित आले. दोघांचीही गावे नकाशावर दुसऱ्याच देशात गेलेली होती. सरांनी आम्हाला एका गल्लीत नेऊन जुन्या बांधणीची एक भिंत दाखवली. तिथल्या वयस्कर दुकानदारांनी ती छावणीच्या वेळची असल्याचे सांगितले आणि आपल्या वडिलांनी त्या खोलीत पहिली रात्र कशी काढली तेही सांगितले. सर मध्ये एक शब्दही बोलले नाहीत. ज्याच्या घरातली गोष्ट आहे त्यालाच ती सांगू द्यायची, हा त्यांचा नियम असावा, आणि दिवसभर त्यांनी तो पाळला. मँझनारच्या माळावर वाऱ्याखेरीज कुणी बोलत नव्हते. इथे बोलणारी माणसे अजून आहेत, आणि ही सेवा त्यांच्यापर्यंत नेते, ही मला तिची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

वळिवड्यात २०१९ मध्ये स्मारकस्तंभ उभारला गेला आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा इथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले, ती बातमी आपण सर्वांनी वाचली होती. तरीही कापडाच्या पिशव्या घेऊन त्या रस्त्याने जाणाऱ्याला आपण कशावरून चाललो आहोत ते सांगणारी पाटी गल्लीगल्लीत असायला हवी, असे मला तिथे तीव्रतेने वाटले. आमच्या गाडीतल्या एका तरुण जोडप्याने त्याच दुकानातून साडी घेतली आणि दुकानदारांनी बिलाच्या मागे आपल्या वडिलांच्या मूळ गावाचे नाव लिहून दिले.

पुढचा थांबा छोटा होता. रस्त्याच्या कडेला, एका आंब्याखाली, शेंदूर लावलेला गुडघ्याएवढा दगड होता. त्यापुढे नारळ फोडल्याच्या खुणा होत्या. सरांनी खाली बसून बॅटरीचा प्रकाश बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून टाकला, तेव्हा शेंदराखालून आकड्याच्या रेघा वर आल्या. तो जुना मैलाचा दगड होता. वजनमापांच्या १९५६ च्या कायद्यानंतर आपल्याकडे मैल आणि फर्लांग जाऊन किलोमीटर आले, नवे दगड लागले, जुने कुणी उपटले, कुणी घराच्या पायात बसवले आणि हा एक देव झाला. शेजारच्या शेतातल्या आजोबांना त्याविषयी विचारले तर ते म्हणाले, "ह्यो हाय म्हणून तर रस्ता रुंद करताना आंबा वाचला बघा." सरांनी शेंदूर खरवडण्याचा प्रयत्न केला नाही आणि आम्हालाही करू दिला नाही. हे मला फार आवडले. दगडाची आताची ओळखही त्याच्या इतिहासाचा भागच आहे, ही समज सगळ्याच हौशी अभ्यासकांकडे नसते.

माणगावला पोहोचेपर्यंत साडेदहा झाले होते. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी इथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय अठ्ठावीस, मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले होते आणि त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. परिषदेला शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी भरसभेत काढले. पुढे दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी महाराज गेले.

इथे फेरीच्या मांडणीविषयी माझा एक आक्षेप आहे आणि तो मी सरांना तिथेच सांगितला. 'विसरलेल्या जागा' या यादीत माणगाव घालणे बरोबर नाही. दर वर्षी मार्चमध्ये लांबून लांबून माणसे इथे येतात, परिषदेच्या शताब्दीची तयारी गावोगावी झाली होती. ज्यांच्यासाठी ती परिषद होती ते तिला एक दिवसही विसरलेले नाहीत. विसरलो आहोत ते आमच्यासारखे, ज्यांनी कोल्हापुरात तीस वर्षे काढूनही तासाभराच्या अंतरावरच्या या गावी कधी पाऊल ठेवले नाही. सरांनी आक्षेप मान्य केला. पुढच्या फेरीपासून आपण शब्द बदलू, असे ते म्हणाले. अमेरिकेतल्या फलकांबाबतही हीच अडचण आहे: वसाहतवाल्यांच्या पहिल्या घराला, पहिल्या गिरणीला, पहिल्या चर्चला फलक मिळतो आणि त्याच जमिनीवर आधी राहणाऱ्यांचा उल्लेख एका ओळीत, तोही फार उशिरा येतो. जागा कुणाच्या लेखी विसरलेली आहे, हे सांगितल्याशिवाय तो शब्द वापरू नये.

जेवण उत्तम होते. ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी, खर्डा, दही आणि गूळ. पंगतीत यजमानीणबाईंनी आग्रह इतका केला की पुढचा अर्धा तास गाडीत सगळे पेंगत होते आणि कुरुंदवाडच्या घाटावर सरांनी काय सांगितले ते निम्म्या लोकांच्या लक्षात राहिले नाही. दुपारचा हा टप्पा हलका ठेवून घाट सकाळी घेतला तर बरे होईल.

त्यानंतरचा एक तास मात्र पूर्ण दिवसाचे मोल वसूल करणारा होता. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळामागे सहा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आणि एक सतीशिळा ओळीने टेकवून ठेवलेल्या आहेत. गावात शिरतानाच सरांनी सांगितले की यांतले दोन दगड काही वर्षांपूर्वीपर्यंत ओढ्यावर कपडे धुण्यासाठी वापरात होते. कोरलेली बाजू खाली असल्याने ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

वीरगळ कसा वाचायचा हे मला आधी माहीत नव्हते. माझ्यासारखे अनेक जण असतील म्हणून सांगते. तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई असते. तिथे गाईगुरे कोरलेली असतील तर तो वीर गावाचे गोधन राखताना पडला असे समजायचे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर चंद्र आणि सूर्य असतात, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर त्याची कीर्ती राहील. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असतो. त्या हाताकडे पाहून आमच्यातल्या एकाही बाईला काही बोलवेना, आणि सरांनीही तिथे गौरवाची भाषा वापरली नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ही कुणाची तरी मुलगी होती, एवढेच ते म्हणाले.

सरांनी बाटलीतले थोडे पाणी दगडावर शिंपडले आणि आरशाने उन्हाची तिरीप बाजूने टाकली. आधी सपाट दिसणाऱ्या दगडावर ढाल, तलवार, घोड्याचा लगाम असे एकेक उमटत गेले. खडू, हळद, तेल यांतले काहीही दगडाला लावायचे नाही, ही ताकीद त्यांनी आधीच दिली होती. तेवढ्यात देवळाशेजारच्या आजी बाहेर आल्या. सरांनी विचारले, "आक्का, हे दगड कवापासून हितं हाईत?" त्यावर आजी म्हणाल्या, "माझी सासू सांगायची, ह्यो मधला आमच्या गावाची गुरं सोडवताना पडल्याला गडी हाय. नाव न्हाई ठावं. पण पोळ्याला पयला निवद ह्येलाच असतोय." मधल्या दगडाच्या तळाच्या चौकटीत खरोखरच तीन गाई होत्या. आजींना वाचता येत नव्हते आणि दगडावर अक्षर नव्हते. तरी शिल्पात कोरलेली हकिकत त्या घरात सासूकडून सुनेकडे पोहोचली होती.

आता उणीव. इथे आणि दिवसभरात आणखी तीन ठिकाणी सरांच्या पुतण्याने प्रत्येक लेखविरहित दगड 'शिलाहारकालीन' असल्याचे सांगून टाकले. कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य तेराव्या शतकाच्या सुरुवातीला संपले. वीरगळ उभारण्याची रीत मात्र त्यानंतरही कित्येक शतके चालू होती. लेख नसलेल्या दगडाचा काळ शस्त्रांवरून, वेशावरून आणि कोरणीच्या पद्धतीवरून फार तर अंदाजाने सांगता येतो. सर स्वतः काळजीपूर्वक 'असावा' म्हणतात, पुतण्या 'आहे' म्हणतो. पैसे देऊन आलेल्या माणसाला या दोन शब्दांतले अंतर समजावून सांगणे हे या सेवेचे कामच आहे. फलकावर चुकीचे वाक्य कोरले तर कुणीतरी ते दाखवून देतो. तोंडी सांगितलेले चुकीचे वाक्य बारा घरांत जाते आणि तिथून पुढे चालत राहते.

खिद्रापूरच्या कोपेश्वराविषयी मी विस्ताराने लिहीत नाही, कारण तिथे जायला या सेवेची गरज नाही. स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छतातून येणारा प्रकाश आणि त्याखालचे अठ्ठेचाळीस खांब कुणी न सांगताही पाहणाऱ्याला थांबवतात. एक गोष्ट मात्र सरांमुळे पाहिली. यादव राजा सिंघण याचा १२१३ सालचा देवनागरी शिलालेख तिथे आहे आणि त्यात देवळाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिल्याची नोंद आहे. सिंघणाने शिलाहार भोजाचा पराभव केला त्यानंतर लगेचचे हे दान. जिंकलेल्या मुलखातल्या देवाला नव्या राजाने आधी काय दिले, हे त्या लेखासमोर उभे राहून ऐकताना सनावळीतला कोरडेपणा गेला. मी या देवळात यापूर्वी चार वेळा आले होते आणि त्या लेखासमोरून चारही वेळा निघून गेले होते.

परतीच्या वाटेवर, ऊन उतरताना, सरांनी एका साध्या घरासमोर गाडी थांबवली. भिंतीवर निळ्या रंगाने तीन आडव्या रेघा मारलेल्या होत्या आणि प्रत्येकीशेजारी साल लिहिले होते: २००५, २०१९, २०२१. सर्वांत वरची रेघ २०१९ ची होती, माझ्या डोक्याच्याही वर. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठच्या गावांत अशा रेघा पुष्कळ घरांवर आहेत आणि आपण त्या रोज पाहतो, पण त्या पाहण्यासाठी म्हणून कुणी गाडी थांबवत नाही. घरमालक बाहेर आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जनावरे सोडून माळ्यावर चढलो, दुसऱ्या दिवशी नाव आली, असे त्यांनी सांगितले. घराला नवा रंग दिला तेव्हा रेघांपुरती जागा सोडली होती, कारण पोरांना कळले पाहिजे. शेकडो वर्षांपूर्वीचा वीरगळ आणि ही निळी रेघ एकाच दिवसात दाखवण्याची कल्पना सरांची स्वतःची आहे, आणि या फेरीतली मला सर्वांत मौलिक वाटलेली गोष्ट तीच. इतिहास दगडात गेल्यावरच पाहायचा असे थोडेच आहे.

व्यवहाराच्या बाजूने पाहता पुढील गोष्टी सुधारायला हव्यात. एका दिवसात नऊ थांबे जास्त होतात, सहा पुरेत. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय आधी ठरवलेली नव्हती आणि सकाळी दहा ते दीड या वेळात त्याचा त्रास झाला. वीरगळांच्या जागी पोहोचायला ओढ्याची चढण आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी काठी न्यावी. गाडी स्वच्छ होती आणि पुतण्या ती सावकाश, जपून चालवतो. पाण्याच्या बाटल्यांऐवजी कळशी आणि पेले ठेवले होते, ते मला आवडले. ठरलेल्या रकमेवर एक रुपयाही जादा मागितला गेला नाही आणि गावातल्या ज्या ज्या घरी आम्ही थांबलो तिथे सरांनी आमच्या देखत, संकोच न वाटेल अशा रीतीने, काही ना काही दिले.

खरी कमतरता लिखित मजकुराची आहे. दिवसभर ऐकलेले घरी आल्यावर निम्मे उरते. अमेरिकेत २००६ पासून 'हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेस' नावाचे संकेतस्थळ चालते. त्यावर सामान्य माणसे रस्त्याकडेच्या फलकांची छायाचित्रे, त्यांवरचा मजकूर आणि नेमकी जागा नोंदवतात आणि संपादक ती तपासून प्रसिद्ध करतात. जावई प्रवासाला निघण्यापूर्वी त्यावरूनच वाट ठरवत असत. आपल्याकडे फलकच नाहीत, त्यामुळे नोंद थेट दगडाची, भिंतीची आणि आजींच्या वाक्याची करावी लागेल. सरांकडे ती आहे, पण ती त्यांच्या वहीत आहे. निळ्या शाईने लिहिलेल्या, पावसात एकदा भिजलेल्या त्या वह्यांची संख्या अकरा आहे आणि त्यांची दुसरी प्रत नाही. प्रत्येक प्रवाशाला चार पानांची पत्रिका द्यावी, तीत कोणती गोष्ट लेखावरून कळते, कोणती अंदाजाने सांगितली आहे आणि कोणती गावात ऐकली आहे हे वेगवेगळे छापावे, आणि त्यासाठी माणशी शंभर रुपये जास्त घ्यावेत, असे मी सुचवले आहे.

लहान मुलांना ही फेरी लांबते. आमच्यासोबतचा आठ वर्षांचा मुलगा माणगावनंतर कंटाळला आणि वीरगळांपाशी पुन्हा जागा झाला. आठवीच्या पुढच्या विद्यार्थ्यांनी आणि साठीतल्या माणसांनी अवश्य जावे. नवीन कोल्हापुरात राहायला आलेल्यांनी जावेच, पण जन्मापासून इथे असलेल्यांनी आधी जावे. पाचपैकी चार गुण मी देते. पाचवा पत्रिकेसाठी राखून ठेवला आहे.

दसरा चौकात उतरताना मी सरांना वह्यांच्या छायाप्रती काढण्याविषयी पुन्हा विचारले. ते म्हणाले, "ताई, अक्षर मलाच लागतं वाचायला." माझे पती बँकेत चाळीस वर्षे लोकांची अक्षरे वाचत आले आहेत. दर बुधवारी सरांच्या घरी जाऊन एकेक वही संगणकावर उतरवायची, असे त्या दोघांचे तिथेच ठरले. पहिली वही कोल्हापूरजवळच्या बीड गावातल्या कल्लेश्वराच्या देवळाजवळच्या वीरगळांची आहे. पश्चिमेकडच्या फेरीत तेच गाव येते आणि फेब्रुवारीतल्या फेरीला आम्ही दोघांनी नाव नोंदवले आहे.